अर्धा कोयता

रविवारी दुपारी सव्वाचारला, पोखर्णीजवळच्या एका वस्तीवर, ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या साउंड बॉक्समधून एका अनोळखी बाईचा आवाज आला. “अर्पिता, मी आहे. बोलता येत नसेल तर नका बोलू.”

ट्रॅक्टरभोवती तेव्हा सगळी टोळी जमलेली होती. ट्रॉलीत पाण्याच्या टाक्या, ज्वारीची पोती, खोपीचे पत्रे, कोंबड्यांचं खुराडं चढत होतं. पप्पू ड्रायव्हरनं इंजिन गरम करायला नुकतीच चावी फिरवली होती. त्याला वाटलं, कुणीतरी मोबाईलवर मालिका लावली.

“पप्पू, आज गाण्याच्या जागी प्रवचन लावलास व्हय रं?” केशरबाई ट्रॉलीतून ओरडली. दोघं-तिघं हसले.

अर्पिता त्या वेळी गोठ्याच्या मागं, पत्र्याच्या आडोशाला उभी होती. रेंज तेवढी तिथंच येते. हातात नवऱ्याचा, महारुद्रचा फोन होता. घरात तो एकच. मागच्या हंगामात महारुद्र याच ट्रॅक्टरवर गाणी लावायचा. तेव्हापासून ट्रॅक्टरचा डेक चालू झाला की हा फोन ब्लूटूथनं आपोआप त्याला जोडला जातो. हे महारुद्रला माहीत होतं, पप्पूला माहीत होतं. अर्पितानं त्या फोनवर कधी गाणं लावलेलं नव्हतं.

चावी फिरली आणि तिच्या कानातला आवाज गेला. रेंज गेली असं समजून ती पत्र्याला धरून इकडं तिकडं सरकत राहिली. तिचं ‘हलो, हलो’ पलीकडं पोचत नव्हतं. आता ऐकणारा माईक ट्रॅक्टरच्या डेकचा होता.

पलीकडं पुण्याच्या राजेश्री मॅडम होत्या. एका संस्थेतर्फे त्या फोनवरून समुपदेशन करतात. नंबर गावातल्या आशा सेविका धम्मशीला यांनी दिला होता. पावसाळ्यात अर्पिता आरोग्य उपकेंद्रावर पुन्हा पुन्हा येत होती: छाती धडधडते, हात गार पडतात, उसाचं पाचट जळाल्याचा वास आला की श्वास पुरत नाही. तपासण्यांत काही निघालं नाही. घरी तिनं सांगितलं होतं, रविवारी वालूरला माहेरी बोलते.

पहिल्याच रविवारी सासू धुरपताबाई शेण टाकायला मागं आली आणि अर्पिता बोलता बोलता गप्प झाली. तेव्हा मॅडमनी एक रीत ठरवून दिली. कुणी जवळ आलं तर अर्पितानं काही बोलायचं नाही, फोन कानाला ठेवायचा. मॅडम बोलत राहतील, तिनं फक्त ऐकायचं. आजवर ती रीत कधी चुकली नव्हती.

या रविवारीही मॅडमनी आधी विचारलं होतं, “एकट्या आहात ना?” अर्पिता “व्हय” म्हणाली होती. मग एकदम इंजिनाची घरघर आली, माणसांचा गलका आला आणि अर्पिताचा आवाज थांबला. कुणीतरी जवळ आलं, असं मॅडमना वाटलं. त्यांनी रीत पाळली.

“असू दे. तुम्ही ऐका फक्त,” बॉक्समधून आवाज आला. “यंदा तोडीला जायचं नाही, हे गाडी निघायच्या आधी महारुद्रना सांगायचं ठरलंय आपलं. भीती वाटते, मला कळतं.”

हसणं थांबलं. महारुद्र ट्रॉलीवर चढून दोर आवळत होता. तो दोर धरून तसाच उभा राहिला.

पप्पूनं बटणाकडं हात नेला.

“ऱ्हाऊ दे,” धुरपताबाई म्हणाली. “घरातलं बिगान्याला ठाव हाय. आमाला बी कळू दे की.”

“मागच्या साली उसाच्या फडात झालं ते साधं दुखणं नव्हतं. तुमचं बाळ गेलं. दिवस गेलेत हे तुम्ही घरी सांगितलं नाहीत, कारण जोडीचा कोयता मोडेल याची धास्ती होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोळ्या उचलल्यात. दरवेळी सांगते तेच आजही सांगते, अर्पिता. त्यात तुमचा दोष नाही.”

पप्पूनं कुणालाही न विचारता चावी मागं फिरवली. इंजिन बंद पडलं. बॉक्स गप्प झाले आणि फोनमध्ये आवाज परत आला.

“ऐकू आलं ना?” मॅडमनी विचारलं.

“न्हाई मॅडम,” अर्पिता गोठ्यामागून मोठ्यानं म्हणाली. “मधलं समदं गेलं. परत सांगा की.”

तिचा तो आवाज अंगणात सगळ्यांनी ऐकला. ती रेंज शोधत गोठ्याच्या कोपऱ्यावर आली, तेव्हा सगळे तिच्याकडंच बघत होते.

टोळीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. जोडीतलं एक माणूस मागं राहिलं तर तो अर्धा कोयता. मुकादम बन्सीधरनं तेवढंच विचारलं.

“महारुद्र, दिस बुडायच्या आत गाडी काढायची हाय मला. पुरा का अर्धा?”

अर्पिताला कुणी विचारलं नाही.

महारुद्रनं दोराची गाठ सोडली. तिचं गाठोडं ओढून काढलं. त्यात तिच्या साड्या, वाकळ आणि तिचा कोयता होता. खाली उतरून त्यानं ते अंगणात ठेवलं.

“अर्धा,” तो म्हणाला. तिच्याकडं न बघता त्यानं हात पुढं केला. तिनं फोन त्याच्या हातात दिला.

गाडी उजेडीच निघाली. महारुद्रनं बायकोला टाकलं, असं केशरबाई सांगते. त्यानं तिला वाचवलं, असं पप्पू सांगतो. दोघंही तिथं हजर होते.

बुधवारी धम्मशीला अर्पिताच्या घरी गेल्या. धुरपताबाई दारात कापूस निवडत बसली होती.

“तुमीच लावलं ना ह्ये फोनाचं याड?”

“आजी, तिची तब्येत बघायला आले मी.”

“बगा की. खायलीय, प्यायलीय. बोलत तेवढी न्हाई. आमच्यासंग बोलायला काय, आमी काय पुन्याचे हाव का?”

अर्पिता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. धम्मशीलांनी झोपेचं विचारलं. “लागती,” ती म्हणाली. धम्मशीलांनी आपला फोन पुढं केला. माझ्या घरी ये, दार लावून बोल, मी बाहेर बसते, म्हणाल्या.

“नको ताई,” अर्पिता म्हणाली. “त्यो आवाज आता समद्या टोळीचा झालाय.”

तांब्या ठेवून ती आत गेली.

त्यानंतरच्या रविवारी चार वाजता राजेश्री मॅडमनी फोन लावला. काय घडलं ते त्यांना धम्मशीलांकडून कळलेलं होतं. फोन महारुद्रनं उचलला.

“अर्पिताशी बोलता येईल का?”

“ती घरी हाय. फोन हितं हाय, माझ्यापाशी.”

“तुमचं तिच्याशी काही बोलणं झालं?”

“कशावर बोलू? फोन हितं हाय म्हनलं की.”

मॅडमनी धम्मशीलांचा नंबर सांगितला, तिथं फोन केला तर अर्पिताला बोलावता येईल, म्हणाल्या. त्यानं नंबर लिहून घेतला की नाही, ते कळलं नाही.

“मॅडम, एक इचारू?” तो म्हणाला. “फडात त्ये झालं त्या दिशी मी कुटं होतो? काय सांगितलं तिनं?”

“ते मला सांगता येणार नाही. ते तिनंच सांगायला हवं.”

“कामून? रविवारी तर समद्यांला सांगितलंत.”

मॅडमनी माफी मागितली. त्यानं फोन ठेवला नाही. पलीकडून बराच वेळ कोयत्याला धार लावल्याचा आवाज येत राहिला. मग रेंज गेली.

धम्मशीलांच्या फोनवर महारुद्रचा फोन अजून आलेला नाही. अर्पिताचं गाठोडं अंगणातून घरात गेलं आहे. त्याची गाठ तिनं अजून सोडलेली नाही.