दुरुस्तीहून परतलेली गिटार

मित्रांनो, मी एक जुनी, विजेवर वाजणारी गिटार आहे. हसू नका. मला पाहाल तर तुम्हीही म्हणाल, "हिचं काय जुनं? ही तर कालच दुकानातून आलेली दिसते!" खालच्या कडेचे तीन पोचे सोडले तर अंगावर एक ओरखडा नाही आणि रंग असा चकचकीत की त्यात पाहून भांग पाडावा. पण मला पंचावन्न वर्षे झाली. म्हातारपण लपवायची मला कधीच हौस नव्हती. ते माझ्या अंगावरून काढून घेतले गेले आणि ज्या हातांनी ते काढायला लावले ते मायेचेच होते. मला त्याबद्दल सांगायचे आहे.

आधी थोडे कुळाविषयी. माझ्या आज्या-पणज्या आतून पोकळ होत्या. त्यांच्या पोटातल्या हवेत त्यांचा आवाज घुमायचा. चार माणसे शेजारी बसून ऐकत असतील तर तो फार गोड लागायचा, पण नाचाच्या हॉलमध्ये ड्रम आणि पितळी वाद्यांच्या गलक्यात त्या बिचाऱ्यांचे कोण ऐकणार? म्हणून त्यांना ॲम्प्लिफायर जोडले. तर झाले भलतेच. आवाज वाढवला की ते पोकळ पोट आपोआप थरथरू लागायचे आणि अशी किंचाळी उठायची की नाचणारे कानांवर हात ठेवायचे.

तेव्हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आणि सुतारकीची आवड असलेल्या काही खटपट्या माणसांनी ठरवले की पोटच नको. भरीव लाकूड घ्यायचे, त्यावर तारा ताणायच्या, तारांखाली चुंबक बसवायचे आणि तारांची थरथर विजेच्या रूपात ॲम्प्लिफायरकडे पाठवायची. लोकांनी खूप टिंगल केली. कुणी म्हणाले, दाराच्या फळीला तारा लावल्यात. कुणी म्हणाले, वाजली नाही तर होडी वल्हवायला होईल. उचलली जीभ लावली टाळ्याला! पण ती फळी किंचाळली नाही. एकदा छेडलेला सूर ती कितीतरी वेळ धरून ठेवायची. मग हसणारेच रांगेत उभे राहिले.

मी जन्मले तोवर हे हसणे थांबले होते. लाकडाचे दोन तुकडे चिकटवून माझे अंग झाले. वाजवणाऱ्याच्या बरगडीला टोचू नये म्हणून पाठ थोडी खोलगट तासली आणि त्याचा हात टेकतो तिथली कड उतरती केली. मान वेगळ्या, कठीण लाकडाची. ती चार स्क्रूंनी अंगाला जोडली. पिकअप, म्हणजे तारांखालचे ते चुंबक, गुंडाळणारी बाई मात्र भारी बोलकी होती. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळायची आणि ही शेजारणीला सासूच्या कागाळ्या सांगतेय. त्या नादात माझ्या पिकअपवर वेढे जास्त पडले. म्हणून माझा आवाज बहिणींपेक्षा थोडा भरदार निघाला. त्या सासूबाईंचे माझ्यावर उपकारच आहेत. शेवटी मोटारींना देतात तसला फिका हिरवा रंग फवारून मला दुकानात पाठवले.

मला घेतले ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने. दिवसभर तो इमारतींमधल्या लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत दोरखंडांना वंगण घालायचा आणि सुट्टीच्या संध्याकाळी बँडमध्ये वाजवायचा. बँडमध्ये सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत. मीही तेच म्हणते, पण आदराने. हात घासून घासून धुतल्याशिवाय लिफ्टवाल्यांनी मला कधी उचलले नाही. बँडमधला ड्रमवाला चिडवायचा, "बायकोला हात लावताना तरी इतके धुतोस का रे?" तेव्हा लिफ्टवाले लाजून लाल व्हायचे.

चाळीस वर्षे त्यांनी मला वाजवले. माणसाच्या हाताला किती धार असते हे मला तेव्हा कळले. उजवा हात टेकायचा तिथला हिरवा रंग आधी फिका झाला, मग उडाला आणि खालचे लाकूड दिसू लागले. मानेमागे त्यांचा अंगठा फिरायचा तो भाग नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला. पट्ट्याच्या बकलाने पाठीवर ओरखडे काढले. खुंट्यांजवळ सिगारेटचा एक काळा चटकाही होता. त्यांची बायको त्यावरून त्यांना हक्काने बोलायची.

आणि खालच्या कडेला होते तीन खळगे. ते त्यांच्या लेकीचे. ती दोन वर्षांची असताना एकदा मी पलंगावर पडले होते आणि तिच्या हातात चमचा होता. तिने मला तीन सणसणीत तडाखे दिले. बायको धावत आली, लेकीने भोकाड पसरले. लिफ्टवाले मात्र पोट धरून हसले. "चिमणे, अगं ही ड्रम नाहीये!" त्या दिवसापासून वाजवून झाले की त्यांचे बोट नकळत त्या खळग्यांवरून फिरायचे. एक, दोन, तीन. मग ते मला खाली ठेवायचे. ही त्यांची सवय त्यांनाही ठाऊक नसावी.

पुढे बँड मोडला. कीबोर्डवाला एकटाच सगळ्यांचे आवाज काढू लागला, तिथे पाच जणांना कोण बोलावणार? मी पलंगाखाली गेले. काही वर्षे पेटीच्या फटीतून मला फक्त चपला दिसत. गंमत म्हणजे त्याच काळात बाहेर जुन्या गिटारींना सोन्याचा भाव आला. इतका, की कारखाने नव्या गिटारी मुद्दाम घासून, रंग उडवून, चटके देऊन विकू लागले. कष्ट न करता आलेले म्हातारपण! हे ऐकून मी पेटीतल्या पेटीत नाक मुरडले होते. तेव्हा मला काय माहीत, माझ्या नशिबात काय आहे ते.

लिफ्टवाल्यांची बायको गेली आणि दोनेक वर्षांत त्यांना विसरण्याचा आजार जडला. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग पलीकडच्या गल्लीतून घरी यायचा रस्ता. लेकीने त्यांना आपल्या घरी आणले. ती शाळेच्या वाचनालयात काम करायची. सकाळी त्यांना आंघोळ घालून, शेजारच्या मावशींना सोबतीला बसवून जायची आणि दुपारी धावत परत यायची. कधी ते तिला ओळखत, कधी तिला तिची आई समजत, कधी नुसतेच बघत राहत.

एक दिवस तिने पेटी उघडली आणि मला त्यांच्या मांडीवर ठेवले. मित्रांनो, ती दुपार मी विसरणार नाही. त्यांचा उजवा हात सरळ रंग उडालेल्या कडेवर येऊन टेकला. अंगठा मानेमागे आपल्या जागी जाऊन बसला. डोक्याने सगळे सोडले होते, हातांनी काहीच सोडले नव्हते. ॲम्प्लिफायर नव्हता, त्यामुळे माझा आवाज म्हणजे माशीची भुणभुण, तरी त्यांनी एक अख्खी धून वाजवली. मग बोट खाली गेले. एक, दोन, तीन.

"चिमणे!" त्यांनी हाक मारली. "चिमणी कुठाय?"

स्वयंपाकघरातून ती ओल्या हातांनी धावत आली. "आले बाबा, इथेच आहे."

"शाळेत नाही गेलीस आज?"

ती हसलीही आणि रडलीही. मग रोज दुपारी हेच चालले. मी मांडीवर, धून, तीन खळगे आणि "चिमणे". दिवसातून एकदा तिला तिचे बाबा परत मिळत. तिला वाटायचे, ही सगळी संगीताची जादू. जादू नव्हती हो ती! तिच्याच चमच्याचे तीन तडाखे होते ते. पण मी भरीव लाकडाची. विजेशिवाय माझा आवाज खोलीच्या दारापर्यंतही जात नाही. मी तिला कसे सांगणार?

मग तिला एक जुना फोटो सापडला. त्यात लिफ्टवाले तरुण होते आणि मी नवी कोरी, हिरवीगार. तिने तो बाबांना दाखवला. त्यांनी माझ्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "काय चमकायची गं ही!" झाले. बाबांच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला मला त्या फोटोसारखे करायचे असे तिने मनाशी ठरवून टाकले.

गिटार दुरुस्त करणारे गृहस्थ म्हातारे होते आणि त्यांना कामाची जाण होती. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, हा कारखान्यातला मूळ रंग आहे. राहू द्या तो. मी तारा बदलतो, धूळ पुसतो, बास."

"नाही काका. हा फोटो बघा. बाबांना ती अशी आठवते."

"वाजवताना कुणी गिटारीकडे बघत नाही हो."

"माझे बाबा बघतात," ती म्हणाली. "आता तेवढंच उरलंय त्यांच्याकडे."

काकांचे बोट खालच्या कडेवर थांबले. "आणि हे तीन खळगे?"

ती ओशाळून हसली. "ते माझे प्रताप. आधी तेच भरा."

तिचा काय दोष? इतक्या प्रेमाने कुणी माझ्यासाठी कधी काही केले नव्हते. पण पॉलिश पेपर अंगावर फिरू लागला तेव्हा मला रडू येत होते. हिरवी धूळ जमिनीवर पडत होती आणि त्या धुळीत चाळीस वर्षांच्या संध्याकाळी होत्या. खळग्यांत सुतारी लांबीचा लगदा भरला गेला. चटका गेला, ओरखडे गेले. मानेलाही नवे पॉलिश चढले. काकांनी काम उत्तम केले. आजही कुणाला त्यात खोट काढता येणार नाही.

वाढदिवसाला तिने मला त्यांच्या मांडीवर ठेवले आणि टाळ्या वाजवल्या. लिफ्टवाले माझ्याकडे बघून सभ्यपणे हसले. हात वरच्या कडेवर टेकला आणि घसरला. अंगठा मानेमागे आपली जागा शोधत वरखाली फिरला, पण नव्या पॉलिशला चिकटत राहिला. मग ते बोट खाली आले. अंधारात माणूस भिंतीवर बटण चाचपतो, तसे ते कडेवरून फिरत राहिले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. शेवटी थांबले.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणाची?"

"तुमचीच बाबा! तुमची गिटार!"

"नाही हो. माझी दुरुस्तीला गेलीय वाटतं." आणि दुसऱ्याची वस्तू परत करावी तशी त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून तिच्याकडे दिले.

त्या दिवसापासून "चिमणे" ही हाक बंद झाली. ती रोज दुपारी मला त्यांच्याकडे द्यायची आणि स्वयंपाकघरात नळ बंद करून वाट बघत उभी राहायची. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे. माझ्या नवेपणाचा एक दिवसही कुणाच्या कामी आला नाही. तीनेक आठवड्यांनी तिने लांबून त्यांचे बोट पाहिले. रोज त्याच कडेवर, त्याच जागी काहीतरी शोधणारे. मग तिच्या लक्षात आले. ती होती तिथेच, फरशीवर खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन काकांकडे गेली. "ते तीन खळगे परत पाडून द्या."

"पाडतो, ताई. पण नेमके कुठे होते? किती खोल होते? मी मोजून नव्हते ठेवले."

तिलाही सांगता येईना. त्या कडेचा फोटो कुणी कशाला काढेल? काकांनी अंदाजाने तीन खळगे पाडले. घरी आल्यावर लिफ्टवाल्यांचे बोट त्यांवर पडले तेव्हा तिने श्वास रोखून धरला होता.

"अरेरे," ते कळवळून म्हणाले, "नव्या कोऱ्या गिटारीला पोचे? दुकानदाराला दाखवा तुम्ही. बदलून देईल."

तिला "तुम्ही" म्हणाले ते. पोटच्या लेकीला.

मित्रांनो, आता माझे ऐका. तुमच्या घरीही एखादे कळकट पांघरूण असेल, पोचे पडलेला डबा असेल, दांडी बांधलेला चष्मा असेल. तो बदलायला निघाल तेव्हा तो ज्याचा आहे त्याच्या शेजारी आधी निवांत बसा. त्याचे हात त्या वस्तूवर कुठे कुठे थांबतात ते बघा. धूळ जरूर पुसा. पण त्या जागा पुसू नका. त्या परत करून द्यायची कला कुठल्याच कारागिराजवळ नाही. मला गंजू दिले असते तरी चालले असते हो. मी तक्रार केली नसती.

माझी फार निगा राखली जाते. रोज दुपारी ती मला घेऊन त्यांच्यासमोर बसते. त्यांनी आपणहूनच तिला शिकवायला घेतले आहे. अनोळखी बाईंना शिकवावे तसे, जपून, अदबीने. ती चुकते. ते तिचे बोट उचलून योग्य तारेवर ठेवतात. काल त्यांनी मध्येच विचारले, "तुमच्या घरात कुणी वाजवायचं का हो?"

ती माझ्या तारांकडे बघत राहिली. "हो," ती म्हणाली. "माझे बाबा वाजवायचे."

"अरे वा," लिफ्टवाले म्हणाले. "मग येईल तुम्हाला."