करमसिंगची साक्ष उघडत नाही

हेमकांतच्या टेबलावर शेंगदाण्याची फोलपटं होती, चहाचे वाळलेले गोल होते आणि कळफलकाच्या फटींत सुपारीचा चुरा बसलेला होता. फुलीबाईने पदराची गाठ सोडून पेनड्राइव्ह काढला खरा, पण तो त्या टेबलावर ठेवायला तिचा हात धजेना. पूजेचं पान उकिरड्यावर मांडावं तसं तिला वाटलं.

"द्या मावशी, काय पाहता? बॉम्ब शे का त्यात?" हेमकांत म्हणाला. तालुक्याच्या त्या कचेरीतला तो संगणकवाला. तोंडात गुटखा धरून बोलायची त्याला इतकी सवय, की शब्द त्याच्या गालातून वळसा घालून बाहेर यायचे.

"साक्ष आहे," फुलीबाई म्हणाली.

साक्ष होती तिच्या चुलत सासऱ्याची, करमसिंगची. डोंगरउतारावरची चार एकर जमीन तिचं घर किती पिढ्या कसतंय, हे सांगणारं नव्वदीचं ते एकच माणूस उरलं होतं. वनजमिनीच्या दाव्याला म्हाताऱ्या माणसाची साक्ष पुरावा म्हणून धरतात, हे फुलीबाईला ठाऊक होतं. म्हणून हिवाळ्यात चौघांनी म्हाताऱ्याला खाटेवर घालून शेतात नेलं. त्याने एकेक बांध दाखवला, पूर्वजांच्या नावाने उभे केलेले सात दगड बोटाने दाखवले, त्यांवर कोरलेले चंद्र-सूर्य दाखवले. फुलीबाईने ते सगळं आपल्या नव्या मोबाइलमध्ये घेतलं. सात मिनिटं भरली. होळी व्हायच्या आत करमसिंग गेला. आता ते बोट पुन्हा उचललं जायचं नव्हतं.

आणि सुनावणी आज दोन वाजता होती.

हेमकांतने पेनड्राइव्ह खुपसला. संगणक कण्हला, घरघरला, आणि मग करमसिंगचा आवाज आला. खरखरीत, धापा टाकणारा. "हा बघ. हा माझ्या आज्याचा दगड. इथून बांध सुरू होतो, तो पार तिथपर्यंत."

पडदा मात्र काळा. आत फक्त हेमकांतचं तोंड उमटलेलं.

"हा," आवाज म्हणाला. "आणि हा. आणि तो तिकडचा."

मागून सुनावणी घेणारे साहेब चालले होते. ते थांबले, वाकून पाहिलं आणि हसले. "कुठला दगड हो बाई? अमावस्येला शूटिंग केलं काय?"

हेमकांतही हसला. दाराशी उभे असलेले दोघंतिघंही हसले, साहेब हसल्यावर हसावं लागतं म्हणून. फुलीबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मेलेल्या माणसाचा आवाज आणि वर हे दात.

"माझ्या मोबाइलवर दिसतं सगळं," तिने मोबाइल पुढे केला. "हे बघा साहेब."

"खाजगी मोबाइलवरचं धरता येत नाही. कचेरीच्या मशीनवर दिसेल तेच कागदावर चढेल." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "दोन वाजेपर्यंत दिसलं तर दाखवा."

ते गेले. हेमकांतने फाइलवर पुन्हा टिचकी मारली. पडद्यावर एक पाटी आली, त्याने ती न वाचता बंद केली. पुन्हा टिचकी, पुन्हा तीच पाटी, पुन्हा बंद. माशी हाकलावी तशी.

"काय लिहिलंय त्यात?" फुलीबाईने विचारलं.

"काही नही. असंच येतं ते."

"असंच कसं येईल? कुणीतरी लिहिलंय ना?"

"मावशी, इंग्रजी शे ते. तुम्हाले काय करनं शे?"

फुलीबाई पंचावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकली होती. इतक्या उशिरा शिकलेलं माणूस एकही अक्षर फुकट जाऊ देत नाही. ती मिठाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मगच चुलीत घालायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण ऊसतोडीला जाताना ट्रकच्या नंबरांवरून मोठी अक्षरं तिने जुळवली होती. पाटी चौथ्यांदा आली तेव्हा तिने हेमकांतचं मनगट धरलं. "थांब." मग शेवटची चार अक्षरं तिने पेनाने आपल्या तळहातावर उतरवून घेतली. एच, ई, व्ही, सी.

हेमकांतने मनगट सोडवलं आणि पँटला पुसलं. जणू घाण तिच्या हाताला होती.

"नवा प्लेअर टाकतो. फुकट भेटतो," तो म्हणाला. इंटरनेटवर त्याला एक मोठं हिरवं बटण सापडलं. त्याने ते दाबलं, मग आणखी एक दाबलं, मग जे जे समोर आलं ते दाबत सुटला. पडद्यावर खिडक्या उघडू लागल्या. एकीत जुगाराचे पत्ते. दुसरीत टकलावर केस उगवायचं तेल. तिसरीत अंगावर चिंधी नसलेली एक पोरगी, आणि ती मिटेना. बंद केली की दोन यायच्या.

फुलीबाईने मान फिरवली. याच पडद्यावर करमसिंगची साक्ष पाहायची होती.

"अशा येतातच जाहिराती," हेमकांत म्हणाला, पण त्याची नजर काही पडद्यावरून हलत नव्हती.

"तुझ्या आईला दाखव," फुलीबाई म्हणाली. "म्हणावं, येतातच."

त्याने झटकन तार उपटली. संगणक मेला आणि पुन्हा सुरू व्हायला पाऊण तास लागला. तोवर पेनड्राइव्हमधली करमसिंगची फाइल नाहीशी झाली होती. तिच्या जागी भलत्याच नावांची पाच चिन्हं बसली होती आणि एकही उघडत नव्हतं.

"व्हायरस शे," हेमकांतने निर्णय दिला. "तुमच्याच पेनड्राइव्हमध्ये असेल. आना, मोबाइल आना. वायर लावून सरळ घेतो."

आता ती साक्ष जगात एकाच ठिकाणी उरली होती, फुलीबाईच्या मुठीतल्या मोबाइलमध्ये. तिने त्या वायरकडे पाहिलं. वायरीच्या टोकालाही गुटख्याचा लाल डाग होता.

"नाही देणार."

"मग नही दिसणार. माझं काय जातं?"

"तुझं काहीच जात नाही, हे खरं," ती म्हणाली आणि उठली. साडेबारा झाले होते.

रस्त्यापलीकडे मंगलाबाईचं झेरॉक्सचं दुकान होतं. मंगलाबाई कळसाडीकडची, पन्नाशीची, जाड भिंगाची. तिचा नवरा लग्नांचं शूटिंग करायचा आणि ती दुकानात बसून ते कापायची, जोडायची. तिने फुलीबाईचं तोंड पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बठ माय. काय व्हयनं? तोंड काबरं असं कडू करेल शे?"

फुलीबाईने सगळं सांगितलं आणि तळहात पुढे केला. मंगलाबाईने चार अक्षरं वाचली आणि मांडीवर थाप मारली.

"हात् मरो! बिघडेल काहीच नही शे. तुन्हा मोबाइल नवा, त्यास्ना डबा जुना. त्याले दात नही शेत, आनि तू त्याले मकाना कणीस दी ऱ्हायनी. आवाज गिळाई जास, चित्र चावता येत नही."

"पण बाकीच्यांचे व्हिडिओ चालतात म्हणे त्यांच्याकडे."

"मोबाइल दखाड." मंगलाबाईने कॅमेऱ्याचं सेटिंग उघडलं. तिथे मराठीत लिहिलं होतं, जागा वाचवणारा व्हिडिओ, आणि पुढे तीच चार अक्षरं. "हाई कोनी चालू करं?"

फुलीबाईने पदर डोळ्यांना लावला. तिनेच केलं होतं. मोबाइल भरत आला, जागा वाचवायची का, असं त्याने विचारलं. तिने नीट वाचलं आणि हो म्हटलं. मीठ, तेल, काडी, सगळं वाचवत आलेली बाई. तिला स्वतःचीही चीड आली.

"रडू नको, तू काही पाप नही करं," मंगलाबाई म्हणाली. "मी दळी देस. बारीक पीठ करी देस, मंग त्या डबाले काय, त्यान्हा बापले बी पची जाई."

"व्हॉट्सॲपवर टाकलं तर लवकर जाईल का?"

"जाई, पन ठेचाई जाई. दगडवरना चंद्र-सूर्य दखावाव नहीत. मंग तो साहेब म्हनी, हाई ते धोंडा शेतस." तिने आपला संगणक फडक्याने पुसला, मोबाइलला नवी वायर लावली आणि फाइल उतरवून घेतली. मग ती जुन्या मशीनला चालेल अशा साच्यात बदलायला लावली. पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकू लागली. "तिले हात नको लावू. मी पन नही लावस."

पट्टी संपली तेव्हा दोनला वीस मिनिटं होती. मंगलाबाईने फाइल कोऱ्या पेनड्राइव्हमध्ये घातली. एकदा पूर्ण चालवून पाहिली, आणि करमसिंगचं बोट चौथ्या दगडाकडे गेलं तेव्हा चष्मा काढून डोळे टिपले. "चांगला माणूस दखास," एवढंच म्हणाली.

दोन वाजता साहेब खुर्चीत बसले. हेमकांतने नवा पेनड्राइव्ह लावला, आणि पडद्यावर खाट आली, खाटेवर करमसिंग आला, त्याच्या मागे उन्हात पिवळं पडलेलं गवत आलं.

"उघडलं साहेब!" हेमकांत ओरडला, जणू त्यानेच नांगर धरला होता.

साहेबांनी मिनिटभर पाहिलं. "बस, बस. कळलं. सही घ्या बाईंची."

हेमकांतने साहेबांपुढच्या गठ्ठ्यातला वरचा कागद फुलीबाईपुढे सरकवला. तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. साहेब पेन आपटू लागले. ती वाचत राहिली.

"दावेदाराने सादर केलेली चित्रफीत उघडत नाही. सबब पुरावा ग्राह्य नाही. दावा अमान्य करण्याची शिफारस." तिने बोट खाली नेलं. "तारीख कालची आहे साहेब. काल मी घरी होते. काल तुम्ही कुठली चित्रफीत उघडली?"

फुलीबाईने तो कागद उचलला आणि खालचा पाहिला. नाव गोवालचं, शेजारच्या पाड्यातल्या. ओळ तीच. त्याखालचा, तीच. अकरा कागद, अकरांवर तीच ओळ.

सकाळपासून तिला वाटत होतं की घाण त्या टेबलावर आहे. आता कळलं, की मशीन चाललं काय आणि न चाललं काय, कालच सगळं आवरून झालं होतं. तिला आपली कागद धरलेली बोटंही नकोशी झाली, पण तिने गठ्ठा सोडला नाही.

"गोवाल!" तिने व्हरांड्याकडे तोंड करून हाक मारली. "तू काही व्हिडिओ आणलास का रे?"

"नाही वं काकी," गोवाल दारात आला. "माझ्याकडे तर बटणाचा मोबाइल. मी जंगलात नांगरल्याच्या जुन्या दंडाची पावती आणलीय, माझ्या बापाच्या नावाची."

"तुझी चित्रफीत उघडत नाही, असं लिहिलंय इथं."

"माझी?" गोवालने आपल्या मोबाइलकडे पाहिलं. व्हरांड्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग ते हसू थांबलं आणि माणसं दारात दाटली.

"टायपिंगची चूक आहे," साहेब म्हणाले. "दुरुस्त करू. ओरडू नका."

"अकरा कागदांवर एकच चूक? एवढी सरळ रांग तर तुमच्या दारातल्या चपलांनाही नाही." तिने खुर्ची ओढली आणि संगणकासमोर बसली. "सात मिनिटं आहेत साहेब. तुम्ही एक पाहिलं. पहिल्यापासून लावा."

साहेबांनी दारातली गर्दी पाहिली आणि हेमकांतला हाताने खूण केली. करमसिंग पुन्हा खाटेवर आला. या वेळी त्याला कुणी मध्येच थांबवलं नाही. त्याने सातही दगड दाखवले, धाप लागली तेव्हा थांबला, पाणी प्यायला, पुन्हा बोलला. दारातले लोक एकमेकांच्या खांद्यावरून पाहत होते. साहेब मात्र खिडकीबाहेर पाहायला लागले की फुलीबाई म्हणायची, "इकडे. आता पाचवा आहे."

नवा कागद छापून आला. साक्ष पाहिली, सात दगड व बांध दिसले, पुरावा नोंदवला. तिने तो दोनदा वाचला, आजची तारीख तपासली आणि सही केली. हेमकांतने कुठूनसा चहा आणला होता, बशीत सांडलेला.

"घ्या ना मावशी."

तिने कपाकडे पाहिलंच नाही. दावा नोंदला गेल्याचा आनंद तिच्यात कुठेच उतरत नव्हता. जे सकाळी पहिल्या टिचकीलाच व्हायला हवं होतं तेच झालं होतं, आणि त्यासाठी एका मेलेल्या माणसाला या लोकांपुढे दोनदा धापा टाकाव्या लागल्या होत्या.

"झालं ना बाई तुमचं?" साहेब म्हणाले. "मग उठा."

"माझं झालं," फुलीबाई म्हणाली आणि गठ्ठ्यातला दुसरा कागद वर ठेवला. "गोवाल, पावती काढ. हेमकांत, ही ओळ पूस आणि खरं काय ते लिही. सावकाश लिही. मला वाचायला वेळ लागतो."