अजून पाव

अण्णांच्या गॅरेजात कायदा एकच होता. ज्याच्या हातून आटे जातील त्याने पाना खाली ठेवायचा आणि तो दिवस पान्याला हात लावायचा नाही. मग तो कुणी का असेना! सख्ख्या धाकट्या भावापुढेही अण्णांनी एकदा चार गिऱ्हाइकांदेखत हात पसरला होता आणि "पाना दे" म्हटलं होतं. तो भाऊ त्या दिवशी हात पुसून जो गेला तो पुन्हा त्या दारात आला नाही.

आता आटे म्हणजे काय, तर ज्या भोकात बोल्ट फिरतो त्या भोकातल्या बारीक वळ्या. लोखंडात त्या जन्मभर टिकतात. अ‍ॅल्युमिनियम मात्र मऊ. जरा जोर जास्त झाला की वळ्या सोलवटून बाहेर येतात आणि बोल्ट नुसता गरागरा फिरत बसतो. हे सगळ्या गॅरेजला शिकवलं कुणी? अण्णांनीच.

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या विसरण्याला डॉक्टरांनी एक नाव दिलं. त्या दिवशी घरी येताना ते थोरलीला म्हणाले, "हे बघ, कायदा मलाही लागू. माझ्या हातून आटे गेले की पाना काढून घे. मी भांडेन, शिव्या देईन. तरी घे."

थोरली म्हणजे त्यांची लेक, गॅरेज आता तीच चालवायची. ती "हो" म्हणाली. म्हणायला काय जातं! पण पाना गेला तर अण्णांजवळ राहणार काय? जेवलो की नाही हे त्यांना आठवत नसे, बायको जाऊन सहा वर्षं झाली हे आठवत नसे. हातात पाना आला की मात्र पाठ ताठ व्हायची आणि माणूस पूर्वीसारखा बोलायला लागायचा. म्हणून ती दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून त्यांच्या मागे मागे फिरली. त्यांनी आवळलेला एकेक बोल्ट गुपचूप तपासायचा आणि वर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ असलेल्या बोल्टला हात लावायचा नाही, ही पद्धतही अण्णांचीच. हल्ली त्यांना रेघ दिसायची, तिचा अर्थ तेवढा निसटला होता.

आणि एक खोड राहिली होती. बोल्ट घट्ट झाला की अण्णा मान तिरकी करून म्हणायचे, "अजून पाव." आणि आणखी पाव फेरा द्यायचे. "पाव दिल्याशिवाय इंजिन पावत नाही!" हा त्यांचा जुना विनोद. लोखंडी इंजिनांच्या काळात ते खपून गेलं. आणि पाव एकदाच दिला असता तर अजूनही खपलं असतं. पण पाव दिलाय हेच विसरणारा माणूस किती वेळा पाव देईल?

त्या सकाळी नर्सबाईंची गाडी इंजिन उघडून उभी होती. बाई घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांना बघायच्या, गाडी त्यांना दुपारपर्यंत हवी होती. थोरली फोनवर बोलायला बाहेर गेली, मोजून चार मिनिटं. परत आली तर अण्णा इंजिनातल्या कॅमशाफ्टच्या दांड्यावरच्या पट्टीचा बोल्ट फिरवत होते, आणि तो करंगळीएवढा बोल्ट गोल गोल फिरत होता.

"अण्णा, थांबा."

"बसतच नाहीये गं हा."

"आटे गेलेत, अण्णा."

"कुणाच्या हातून?"

तेव्हा तिने खरं सांगितलं. ठरलंच होतं ना तसं! अण्णांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बोल्टकडे. बोल्टच्या वळ्यांत चंदेरी कीस अडकला होता, तो त्यांनी नखाने काढला आणि चिमटीत धरून बघत राहिले. मग पाना बाकावर ठेवला, कोपऱ्यातल्या टायरवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. "तुझ्या काकाला काय तोंड दाखवू मी?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांची समजूत घालता घालता तिलाच रडू आवरेना. तिने त्यांना चहा दिला, पाठीवरून हात फिरवला आणि पाना कपाटात ठेवून कुलूप लावलं.

संपलं एकदाचं, असं तिला वाटलं. बिचारी!

पंधरा मिनिटांनी अण्णा तोंड धुऊन, बाह्या सरसावून गाडीपाशी हजर. चेहरा लख्ख.

"काय झालंय गं हिला?"

थोरलीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रडण्याची खूण फक्त डोळ्यांच्या लालीत उरली होती. बाकी सगळं पुसलं गेलं होतं.

"आटे गेलेत," ती कशीबशी म्हणाली.

"मग तोंड पाडून काय बसलीस? नवे पाडू. ड्रिल आण."

त्या मॉडेलचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा अ‍ॅल्युमिनियमचा भाग, आता कुठे मिळत नव्हतं. भोक तिरकं गेलं असतं तर सगळंच भंगारात. पण पुढचा तासभर जे झालं ते पाहायला कुणीतरी हवं होतं! अण्णांनी ड्रिलला कागदी पट्टी चिकटवून खोली बांधून दिली. मशीन फिरायला लागल्यावर डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. "डावीकडे कलतेयस. हां. आता सरळ." वळ्या पाडायच्या टॅपला त्यांनी ग्रीस फासायला लावलं, म्हणजे कीस आत न पडता ग्रीसला चिकटतो. "घाई नको. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. अर्धा पुढे, पाव मागे. मागे घेतलंस की कीस तुटतो." त्यांच्या तोंडच्या 'पाव'ला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने खांद्याला पुसलं.

मग स्टीलच्या तारेची छोटी स्प्रिंग त्या मोठ्या झालेल्या भोकात फिरवत बसवली. आता बोल्ट धरणार तो या स्टीलच्या वळ्यांना. "काठाच्या जरा खाली जाऊ दे. बास." स्प्रिंगची शेपटी अण्णांनी स्वतः पंच ठेवून एका ठोक्यात तोडली आणि चुंबकाने अलगद उचलून तिच्या तळहातावर ठेवली. "ही आत राहिली असती तर इंजिनाने तुझ्या नावाने शंख केला असता." दोघंही हसली. तिला वाटलं, हे असंच राहू दे, दुपार होऊच नये.

तिने बोल्ट लावला आणि मापाच्या पान्याने आवळला. ठरलेला जोर झाला की तो पाना 'टक' वाजतो. टक वाजलं. मग उरलेले नऊ बोल्टही तिने तपासले, टक, टक, आणि प्रत्येकावर पिवळी रेघ ओढली. आटे धरले होते. ती हात पुसायला फडकं शोधू लागली.

"पण गेले कुणाच्या हातून?" अण्णांनी विचारलं.

तिने फडकं उचललं आणि बोटं पुसू लागली.

"एवढासा बोल्ट! कुठल्या गाढवाने आवळला? मला नाव सांग."

सकाळचं ते रडणं तिच्या डोळ्यांपुढे आलं. पुन्हा सांगायचं? पुन्हा टायरवर बसवायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारतील तेव्हा पुन्हा? एकाच माणसाला एका दिवसात किती वेळा मारायचं? तिच्याने होईना.

"माझ्या हातून, अण्णा," ती म्हणाली. "जोर जास्त झाला."

अण्णांनी मान हलवली, रागाने नाही, वाईट वाटून, आणि तिच्यापुढे हात पसरला.

"पाना दे."

"अण्णा..."

"लेक म्हणून सोडू? भावाला सोडलं नाही मी."

कपाटाची किल्ली तिच्या खिशात होती आणि काय उपयोग तिचा! नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण तेच, सकाळचं. पसरलेला तो हात तिच्या हाताशी येऊन थांबला होता. तिने तो मापाचा पाना दिला.

"बस तिकडे. उद्या ये कामाला," अण्णा मायेने म्हणाले. ती टायरवर जाऊन बसली.

अण्णांनी पाना दुरुस्त केलेल्या बोल्टवर चढवला. टक वाजलं. "हे काय टकटक करतंय?" असं म्हणत त्यांनी आणखी रेटला. स्टीलच्या वळ्यांनी तो जोर सोसला. पण स्टील त्या एकाच भोकात होतं. बाकीची नऊ अ‍ॅल्युमिनियमचीच होती. अण्णा शेजारच्या बोल्टकडे वळले आणि त्यावरच्या पिवळ्या रेघेवर अंगठा फिरवला.

"रंग कुणी सांडलाय इथे?" ते म्हणाले.

मग मान तिरकी केली. पाठ ताठ होती, चेहऱ्यावर समाधान होतं. थोरलीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"नीट बघ आता आणि शिक," अण्णा म्हणाले. "अजून पाव."