पाड्यावरच्या वजनकाट्याचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी अंगणवाडीतला एक जुना वजनकाटा आहे. गोल चेहरा, त्यावर एक सुई आणि खाली आकड्याला अडकवलेली कापडी झोळी, एवढाच माझा संसार. जन्म कारखान्यात झाला, पण सारी उमर गेली तोरणमाळच्या घाटाखालच्या या पाड्यावर. किती लेकरं माझ्या झोळीत रडली आणि किती जणांनी मला भर दुपारी न्हाऊ घातलं, ते विचारू नका! लेकराचं वजन वाढलं की सेविका रोहिणीबाई मलाच शाबासकी द्यायच्या. फारच कमी भरलं, तर लेकरू आईसकट तालुक्याच्या दवाखान्यात भरती व्हायचं. तिथे औषध मिळे, पोटभर जेवण मिळे.

गेल्या दिवाळीनंतर फुलीबाई नातवाला घेऊन आली. भीमसिंग त्याचं नाव, अंगाने नुसती काडी. त्याचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत निघाले होते. वजन फार कमी भरलं असतं, तर मायलेक मागे राहिले असते. पण आजीने त्याला सणासारखं सजवलं होतं. पायात चांदीचे वाळे, कमरेला जाड साखळी.

"आजी, हाई काढ ना," मूळच्या म्हसावदच्या रोहिणीबाई अहिराणीत म्हणाल्या. "नुसतं पोऱ्यानं वजन करनं शे."

"उघडं लेकरू तोलतस का कोनी? नजर लागस, बाई!"

रोहिणीबाईंनी खूप विनवलं, पण म्हातारी हटली नाही. तेवढ्यात बाहेर मुकादमाच्या ट्रकचा भोंगा वाजला. चांदीसकट सुई जरा वर सरकली आणि भीमसिंग धोक्याबाहेरचा ठरला. मला ओरडावंसं वाटलं, पण काट्याला तोंड कुठलं? आजीला दोष देऊ नका. लेकराला जपायची तिला ठाऊक असलेली तीच रीत होती.

मध्यंतरी शहरातून अभ्यासक आले. त्यांनी तापीकाठच्या बागायती गावांतली आणि आमच्या पाड्यांवरची लेकरं तोलली. आमची कितीतरी हलकी भरलेली पाहून ते रोहिणीबाईंना म्हणाले, "नुसतं आयांना शिकवून भागणार नाही. हाताला काम इथेच हवं. आणि कुटुंब कामासाठी बाहेर पडलंच, तर लेकराचा आहार त्याच्यामागे जायला हवा." बोलणं लाख मोलाचं, पण वरातीमागून घोडं! भीमसिंग आईबापांसोबत केव्हाच उसाच्या फडात पोचला होता. त्याच्या वाट्याच्या आहाराच्या पिशव्या मात्र इथेच येत राहिल्या. रोहिणीबाईंनी त्या जपून ठेवल्या.

होळीला माणसं परतली. फुलीबाई अंगणवाडीत एकटीच आली. रोहिणीबाईंनी हौसेने पिशव्या पुढे केल्या. "हाऊ भीमसिंगना खाऊ. कोठे शे तो?"

म्हातारीने पिशव्यांना हातही लावला नाही. "खानारा गया, बाई," एवढंच म्हणाली.

रोहिणीबाईंनी पिशव्या मागे घेतल्या. माझी झोळी रिकामीच होती, तरी मला ती पेलवेना.

आता माझा गंज पुसा, मला तेल घाला, असं मी मागत नाही. तुम्ही मोठे व्हाल, खुर्चीवर बसाल, तेव्हा एवढंच विचारा. मजूर न्यायला ट्रक थेट आमच्या पाड्यापर्यंत येतो, मित्रांनो. मग लेकराचा घास त्या फडापर्यंत का पोचत नाही?