धावड्याच्या मावशी

"दादा, इथं कुणाच्या घरी चुलीवरची भाकरी मिळेल का? हॉटेल नको," मागच्या सीटवरून साधना मॅडम म्हणाल्या.

पुण्याचं जोडपं. साहेब बियाण्याच्या कामासाठी जालन्याला आलेले, एक दिवस मोकळा होता म्हणून गाडी केलेली. सकाळी राजूरचा गणपती, मग अजिंठा. परतताना धावडा लागलं. धावड्यात माझी आई राहते, एकटी. महिन्यातून चार वेळा मी पर्यटक घेऊन तिच्या दारावरून जायचो. थांबायचो नाही.

गाडीच्या मालकाचा दम होता. राधेश्याम शेठ स्पष्ट सांगायचा, "मच्छिंद्र, गिऱ्हाइकाला सोयऱ्याच्या घरी नेलं तर चावी ठेवून घरी जायाचं." पण सगळं शेठवर ढकलणं हा हरामखोरपणा झाला. सकाळीच साहेब म्हणाले होते, "तुम्ही खेड्यातले वाटत नाही." मी फुगून सांगितलं होतं, "आम्ही मूळचे जालन्याचेच. मस्तगडचे."

तरी गाडी तिच्याच दारात नेली. बघायची होती तिला.

आई अंगणात तुरी निवडत होती. गाडी बघून लगबगीनं उठली. "मच्छिं..."

"राम राम मावशी!" मी मोठ्यानं तिचं बोलणं तोडलं. "पुण्याचे पाहुणे आहेत. भाकरी मिळेल का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं डोक्यावर पदर घेतला.

"मिळंल की. बसा. डायवर, तुमी बी बसा."

मॅडम चुलीपाशी फोटो काढत बसल्या. आईनं ताटं वाढली. माझ्या ताटात न विचारता काठाला करपलेली कडक भाकरी टाकली. मला तशीच लागते, लहानपणापासून.

"अहो मावशी, त्यांना करपलेली कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"चालती डायवरला," आई म्हणाली.

साहेब हसले. मीही हसलो. लाज वाटायला हवी होती.

"मुलंबाळं किती तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"एक हाये. जालन्याला ऱ्हातो."

"येतो का भेटायला?"

"येतो ना. दर आठ दिवसाला येतो. परवाच आल्ता. कायबी कमी पडू देत न्हाई मला."

साहेब बायकोला म्हणाले, "बघ, गावाकडची पोरं अजून आईला विसरलेली नाहीत."

मी कोरडीच भाकरी चावत राहिलो. आईनं तांब्या पुढं सरकवला, माझ्याकडे न बघता.

एवढ्यावर मिटलं असतं. पण मॅडमनी ते फोटो इंटरनेटवर टाकले आणि खाली लिहिलं: जालन्याला आलात तर राजूर बघा, अजिंठा बघा आणि धावड्याच्या मावशींकडे जेवाच. लोक विचारायला लागले. राधेश्याम शेठनं तर 'धावड्याच्या मावशींकडे जेवण' अशी पाटीच रंगवून घेतली. मला म्हणाला, "तुला घर म्हाईत हाये ना बराबर? मंग तूच जा दरवेळी."

तेव्हा तरी बोलायचं होतं. शेठ, ती माझी आई आहे. एवढं एक वाक्य. नाही बोललो. आधी नोकरीची भीती होती. नंतर इतके दिवस का लपवलं, याची.

दोन वर्षं झाली. आता मी आईकडे आठवड्याला जातो. पाहुणे ओसरीवर जेवतात, मी लिंबाखाली. नगरची माणसं, नागपूरची माणसं तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. एकदा तिला ताप होता. मी लांबूनच विचारलं, "मावशी, बरं न्हाई का?"

"बरं हाये," ती म्हणाली आणि परातीत पीठ घेतलं.

मागच्या मंगळवारी सुट्टी काढली, शेठकडून गाडी मागून घेतली आणि एकटाच गेलो. हॉर्न ऐकून आई चुलीपुढून उठून आली. पिठाचे हात पदराला पुसले आणि माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं.

"पाहुणे कुठं हायेत?"

"कोणी न्हाई, माय. मीच आलोय."

"हां," ती म्हणाली.

मग आम्ही दोघं अंगणात उभे राहिलो. आई अजून गाडीकडेच बघत होती, कुणी उतरतंय का म्हणून.