पानगळीच्या वाटेवरची ताडपत्री

“आधी झटक, मग घडी घाल! आत काय दडून बसलंय ते हाताला चावल्यावर कळून काय उपयोग?”

लोटूआप्पा आपल्या मुलाला, हेमराजला, असं ओरडून सांगायचे. ते रागावलेले नसत. त्यांची सारी हयात लूमच्या खात्यात गेली. खातं म्हणजे माग दिवसरात्र खडखडतात ती शेड. त्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. ज्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, त्याला आपला आवाज केवढा मोठा आहे हेही कळत नाही.

जिला झटकायचं आणि जिची घडी घालायची, ती मी. मित्रांनो, सुरतेत डिंडोलीला हेमराजचा एक छोटा टेम्पो आहे. त्यावर बांधतात ती निळी ताडपत्री मी. आता जुनी झाले आहे.

माझा जन्म सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात झाला. जन्म कसला, मारच तो. प्लास्टिकचे दाणे वितळवले, त्यांच्या पट्ट्या ओढल्या, त्या विणल्या आणि तापलेल्या दोन रुळांमधून मला दाबून काढलं. मग कडेकडेने भोकं पाडून त्यांत पत्र्याच्या कड्या ठोकल्या. हातोडीच्या प्रत्येक घावाला मी थरथरले. पण त्या कड्या नसत्या तर दोरी कुठे ओवली असती? म्हणून त्या माराबद्दल मी कोणाला बोल लावत नाही.

पुढची वर्षं साड्यांच्या गठ्ठ्यांवर गेली. हमालांचे हूक गठ्ठ्यात कमी आणि माझ्यात जास्त शिरायचे. कडोदऱ्याला एकदा माल उतरवण्याच्या रांगेवरून दोन टेम्पोवाल्यांची जुंपली. एकाने लोखंडी पाना दुसऱ्याच्या जबड्यावर हाणला. रक्त माझ्या घडीवर उडालं, आणि त्यात एक दात होता. मार खाणाऱ्याने चाकू काढला. सोडवायला गेलेला हेमराज वेळेवर खाली वाकला, म्हणून तो चाकू त्याच्या बरगडीऐवजी माझ्यात घुसला आणि हातभर फाडत गेला. हेमराजची बायको धनश्री हिने ती चीर नायलॉनच्या दोऱ्याने शिवली. त्याच्या आईने, सुभद्राबाईंनी, माझ्यावरचं रक्त धुतलं. ते कोणाचं होतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं, तरी त्या माणसासाठी त्यांनी देवापुढे दिवा लावला.

माझं कौतुकही झालं. धो धो पावसात माझ्याखालची एकही साडी भिजली नाही, तेव्हा व्यापाऱ्याने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “हेमराजभाई, ताडपत्री तो तमारी!” पण पुढे नवी ताडपत्री आली आणि मी मोरीच्या पत्र्यावर चार विटांखाली जाऊन पडले. उन्हाने तडकले. कावळे माझ्यावर हाडं आणून फोडू लागले.

मला तिथून खाली उतरवलं ते एका सहलीसाठी.

धनश्रीने मोबाइलवर कुठल्याशा परदेशाचा व्हिडिओ पाहिला होता. लाल-पिवळ्या झाडांमधून लोक मोटारी हाकत होते, पानगळ पाहायला. तिने तो आप्पांना दाखवला. आप्पा बराच वेळ पाहत राहिले आणि मग घर दणाणेल अशा आवाजात म्हणाले, “आपला डांगमां काय पानं झडतस नही का? कान ते लूमनी खाई टाकात. आते डोळा शेत तवलोंग माले साग पाही लेऊ दे!”

आप्पा पिंपळनेरकडचे, बोली अहिराणी. कान गेले, निदान डोळे आहेत तोवर साग पाहून घेऊ दे, असं त्यांचं म्हणणं. लहानपणी त्यांनी शेजारच्या डांगच्या जंगलातली पानगळ पाहिली होती. सुरतेला आल्यापासून पाहिलेली नव्हती. त्यांची ती एकच इच्छा होती, म्हणून फाल्गुनातल्या एका रविवारी हेमराजने टेम्पो काढला. मागे गादी टाकली. “बसायला ही चालेल,” म्हणून मला झटकून घेतलं.

बारडोली गेली, व्यारा गेलं. आहव्याच्या रस्त्याला लागलो आणि दोन्ही बाजूंनी साग सुरू झाला. मित्रांनो, सुपाएवढी पानं! काही तांब्यासारखी, काही गंजलेल्या पत्र्यासारखी. वाऱ्याचा झपाटा आला की देठ कटकट तुटायचे आणि पानं रस्त्यावर आपटायची. चाकांखाली पापड मोडल्यासारखा आवाज येई. मधेच कोशिंबाचं एखादं झाड नव्या लाल पालवीने पेटल्यासारखं दिसे. आप्पा टेम्पोच्या फळीला धरून उभेच्या उभे होते. एक पान उडून त्यांच्या तोंडावर बसलं, तर ते लहान पोरासारखे हसले.

“बसा ना आप्पा, पडाल!” धनश्री म्हणाली.

“ते ऐकणार नाहीत,” सुभद्राबाई म्हणाल्या. “ऐकू यायचं तेव्हा तरी कुठे ऐकत होते?”

जेवायला एका ओढ्याकाठी थांबलो. तिथे एक उंच अर्जुनसादडा होता आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला वाघदेवाचा दगड. मला तिथेच अंथरलं. आप्पा पानं पाहत ओढ्याच्या पात्रात उतरले. सुभद्राबाईंचा नेम होता, देवाला ऊद-धूप दाखवल्याशिवाय रोजचा घास घ्यायचा नाही. ताप असो, प्रवास असो, नेम चुकला नव्हता. घरून आणलेल्या गोवरीच्या तुकड्यावर कापूर पेटवून त्यांनी ऊद टाकला आणि डोळे मिटले. दाट पांढरा धूर बुंध्याला धरून वर चढला.

वर कोणी पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे जमिनीवरच्या पानांवर होते.

थोड्या वेळाने आवाज सुरू झाला. घूं घूं, घूं घूं. दुसरं कोणी असतं तर दचकून उठलं असतं. पण ही माणसं खात्याशेजारी राहणारी. तसल्या घुमण्यातच त्यांची पोरं झोपतात, त्यातच सण होतात.

धनश्री डबा उघडता उघडता हसून म्हणाली, “अहो, इथेपण खातं काढलंय का कोणी?”

“शेठ लोकांचा काय भरवसा! रानातपण लूम टाकतील,” हेमराज म्हणाला. “पाण्याची मोटर असेल गं. वाढ तू.”

दूर मोहाच्या झाडांखालून एक बाई हात हलवत, ओरडत धावत येताना मला दिसली. “धूर विझवा! ओ बाई, धूर विझवा!”

तेवढ्यात आभाळच तुटून खाली आलं.

आग्या मोहोळ होतं ते. एक नव्हे, उंच बेचक्यांत लटकलेली कितीतरी. माशा गारांसारख्या बसल्या, कपाळावर, ओठांवर, कानांच्या आत. धनश्रीची किंकाळी तिच्या घशातच अडली, कारण तोंड उघडताच एक माशी आत गेली. हेमराजने मला अन्नासकट उचकटलं आणि आई-बायकोवर फेकलं. डाळ-भात पालापाचोळ्यावर सांडला. माझ्या पाठीवर नांग्या ताडताड रुतत होत्या. नांगी रुतली की माशी तडफडून मरते, तरी मागची थांबत नव्हती. जुन्या चिरेचे टाके सुटले होते, तिथून त्या आत शिरू लागल्या. धनश्रीने त्या फटीत आपली मूठ कोंबली आणि ती सुजून बुचासारखी बसली तरी काढली नाही.

“आप्पा!” हेमराज ओरडला. “आप्पा, पळा!”

पण आप्पा पाठमोरे होते. हातातलं पान उन्हाकडे धरून त्याच्या शिरा पाहत होते. त्यांना ना घुमणं ऐकू आलं, ना मुलाची हाक. पहिला डंख मानेवर बसला तेव्हा ते वळले. तोवर त्यांचं डोकं काळं झालं होतं. त्यांनी हात झाडले, तशा माशा आणखी चवताळल्या. ते दगडांवर कोसळले आणि कपाळ फुटलं.

हेमराज त्यांच्याकडे धावला, पण डोळ्यांवर डंख बसून अर्ध्या वाटेत आंधळा झाला आणि चाचपडत टेम्पोकडे वळला. आप्पांपर्यंत पोचली ती मोहाखालची बाई. सुंदरा तिचं नाव. तिने आपल्या लुगड्याचा पदर आप्पांच्या तोंडावर टाकला आणि स्वतः त्यांच्यावर पालथी पडली. तिच्या तोंडावर टाकायला काहीच उरलं नव्हतं.

“ताडपत्री आणा!” ती ओरडली. “उभं राहू नका! रांगत या!”

हळू बोलणाऱ्या, हळू चालणाऱ्या सुभद्राबाईंनी तेव्हा मला दोन्ही मुठींनी असं पकडलं की माझी एक कडी उपटून आली. “चल,” त्या सुनेला म्हणाल्या. मला डोक्यावर घेऊन दोघी रांगू लागल्या. पानांच्या थरांतून, काट्यांतून, दगडांवरून. गुडघे सोलले, माझ्या कडेला रक्ताचा पट्टा ओढला गेला. माशा वरून मारत होत्या, आणि माझ्याखाली सुभद्राबाई ढोपर टेकताना दरवेळी देवीचं नाव घेत होत्या. आप्पा निपचित पडले होते. त्या दोघांवर मी पसरले. चौघांच्या अंगाखाली माझ्या कडा दाबून धरल्या. माझ्याखाली अंधार होता, उदाचा वास होता आणि आप्पांचा घरघरणारा श्वास. सुभद्राबाई त्यांच्या छातीवर कान ठेवून होत्या. तो श्वास थांबतो की काय, एवढंच त्या ऐकत होत्या.

उन्हं कलली तेव्हा माशा परतल्या. एका डोळ्याच्या फटीतून बघत हेमराजने टेम्पो आणला. आप्पांना माझ्याच झोळीत घालून उचललं.

आहव्याच्या दवाखान्यात मी दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर होते, माझ्यावर सुभद्राबाई. एका खाटेवर आप्पा. त्यांचं तोंड इतकं सुजलं होतं की नाक कुठे संपतं ते कळत नव्हतं. दुसऱ्या खाटेवर सुंदरा. पहिला दिवस डॉक्टर काहीच सांगायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी आप्पांनी पाणी मागितलं, अर्थातच सगळा वॉर्ड जागा होईल अशा आवाजात. तेव्हा सुभद्राबाई पहिल्यांदा रडल्या. सुंदराचा डावा डोळा मात्र गेला.

हेमराजचं डोकं फिरलं होतं. “डिझेलचा कॅन नेतो आणि ते झाडच पेटवतो. एक माशी ठेवत नाही!”

“पेटव ना,” सुंदरा पट्टीखालून म्हणाली. “लागूनच माझे मोह आहेत, तेपण पेटव. हुशार आहे हो बाई तुमचा पोरगा!”

“तुमचा डोळा गेला, आणि तुम्ही त्या माशांची बाजू घेता?”

“तुझ्या घरात कोणी धूर सोडला तर तू काय त्याची आरती करशील?”

सुभद्राबाईंनी खाली पाहत म्हटलं, “ऊद मी लावला होता.”

“मला दिसला होता. आमचे लोक त्या देवाला नुसता भात ठेवतात. आणि आधी वर बघतात.” मग सुंदराचा आवाज बदलला. “बोलून काय होतं आता? मोहाची फुलं पडायला लागलीत. डॉक्टर म्हणतो खाली वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. घरी माझ्यामागे कोणी नाही. वर्षाचं मीठ-तेल त्या फुलांवर निघतं. ढोरं खाऊन जातील.”

“मी वेचते.”

“तुम्ही? सुरतेच्या बाईला कंबर असते होय?”

“मी पिंपळनेरची.”

“दवाखान्यात लोक काय काय कबूल करतात,” सुंदरा हसून म्हणाली आणि कूस वळवली. “घरी गेलं की सुरतच.”

सुभद्राबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

मित्रांनो, माझ्या पाठीवर हात फिरवलात तर अजून नांग्या टोचतील. पानं पाहायला जरूर जा. रान तुम्हाला पाहू देतं. पण ते कोणाचं तरी घर आहे. तिथे बसण्याआधी, चूल किंवा धूप पेटवण्याआधी, मान वर करा आणि कोण राहतं ते पाहा. देवाला आपल्या धुरावाचून काही कमी पडत नाही. आणि जी माणसं त्या रानात राहतात ती ओरडून काही सांगत असतील, तर जेवण टाकून उठा. आमच्यासारख्या फाटक्या-तुटक्या वस्तूंनाही अगदीच टाकून देऊ नका. दोन टाके घालून ठेवा.

आप्पांना डिंडोलीला आणलं. तिसऱ्या दिवशी ते भिंतीला टेकून भाकर खाऊ लागले. त्या दुपारी सुभद्राबाईंनी पिशवीत दोन लुगडी भरली. माझ्यावरचा चिखल आणि रक्त खरवडून धुतलं, मला वाळवलं आणि घट्ट वळकटी केली. धनश्री सुजलेल्या हाताने दोरी बांधू लागली.

“ही कशाला आई? जड होईल.”

“फुलं वाळत घालायला.”

“परत कधी?”

“फुलं संपली की.”

हेमराज दारात उभा होता. “मी सोडतो टेम्पोने,” तो म्हणाला.

“तू कामावर जा. एस.टी. आहे.”

त्यांनी आप्पांचं पांघरूण सारखं केलं, चपला घातल्या आणि मला काखेत घेऊन गल्लीतून निघाल्या. दोन्ही बाजूंना लूम खडखडत होते. स्टँडवर आहव्याची गाडी लागलेली होती. मला पायांशी ठेवून त्या खिडकीपाशी बसल्या.