कपाचा कान

फ्राऊ ब्रॉडरसननी पेनाला टोपण घातले, अंगठ्याने दाबून ते घट्ट केले आणि फॉर्म स्वयंपाकघरातल्या टेबलावरून परत सुलेखापुढे सरकवला.

"तो माणूस माझ्या घरात आहे तोवर मी कशावरही सही करणार नाही."

सुलेखाने फॉर्म उचलला नाही. हॅम्बर्गला येऊन तिला दीड वर्ष झाले होते. जर्मन समजत असे, पण अशा वेळी उत्तराचे शब्द नेमके दडी मारत. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत हा कागद परदेशी लोकांच्या कचेरीत, आउसलेंडरआम्टमध्ये, द्यायचा होता. घरमालकिणीची सही नसेल तर राहण्याची परवानगी वाढत नव्हती, आणि ती वाढली नाही तर भास्करला जहाजबांधणीतले सव्वातीन वर्षांचे संशोधन अर्धवट टाकून जुलैत मुंबईची बोट धरावी लागणार होती. आज मंगळवार होता.

"त्यांनी काय केलं?" तिने विचारले.

"काय केलं ते आठवत नाही. चेहरा आठवतो." फ्राऊ ब्रॉडरसननी कपाळावर बोट टेकवले. "एकोणीस वर्षं मी ट्राममध्ये तिकिटं तपासलीत. चेहरा मी विसरत नाही. या माणसाला पोलिसांनी धरलेलं मी पाहिलंय. कुठे, ते येईल लक्षात. आल्झो, थोडक्यात, तोवर सही नाही."

त्या आपल्या खोलीत निघून गेल्या. जाताना दिवाणखान्याच्या दाराला त्यांनी कुलूप लावले. असे त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते.

तो माणूस म्हणजे भास्करचे सख्खे मामा, आत्माराम. गेल्या गुरुवारी ते लंडनहून दहा दिवसांसाठी आले होते. सुलेखाने त्यांना त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते, फक्त ऐकले होते. तिच्या लग्नात सासूबाईंनी मिरजेच्या निम्म्या गावाला पुन्हा पुन्हा सांगितले होते, "आमचा आत्मा लंडनला टेलिव्हिजनवर पोलिस अधिकारी असतो. सहा वर्षं एकच मालिका चाललीय, आणि अजून लोकांचं मन भरत नाही." मिरजेत तेव्हा टेलिव्हिजन कोणी पाहिलेला नव्हता. मामांच्या पत्रात जे असेल ते खरे.

आले त्या संध्याकाळी चहा पिताना मामांनी कप बशीत ठेवला, मग जरा थबकून त्याचा कान डावीकडे वळवला. भास्कर हसला.

"सवय रे," मामा म्हणाले. "आमच्याकडे एक मुलगी असते, वही घेऊन बसलेली. कपाचा कान कुठे होता, सिगारेट किती जळली होती, सगळं टिपून ठेवते. सकाळी घेतलेलं चित्र आणि दुपारी घेतलेलं चित्र जुळायला हवं ना. आठ वर्षं तिच्या शिव्या खाऊन आता माझ्या खोलीत पेन्सिल हलली तरी मला कळतं."

"आणि गुन्हेगार किती पकडले आजपर्यंत?"

"मोजले नाहीत," मामा म्हणाले. "दर वेळी एक तरी पकडला जातोच."

तो पन्नाशीचा, किडकिडीत माणूस सुलेखाला आवडला होता. पण थोड्याच वेळाने घरातल्या बोळात फ्राऊ ब्रॉडरसन भेटल्या आणि त्यांनी धंदा विचारला, तेव्हा मामा मान झुकवून इंग्रजीत म्हणाले, "चहाचा व्यापारी." भास्करने त्याचे जर्मन केले आणि विषय बदलला. सुलेखा ताटे पुसत आत उभी होती. ज्याचे मिरजेत एवढे कौतुक, ते इथे लपवायचे कशाला, हे तिला कळेना.

शनिवारी ती खिडकीत चादर झटकत होती. समोरच्या फुटपाथवरून एक माणूस उजवा पाय ओढत चालला होता. बंदरातला कोणी म्हातारा खलाशी असेल, असे तिला वाटले. कोपऱ्यावर पोहोचताच तो माणूस थांबला, सरळ झाला आणि रस्ता ओलांडून झपझप त्यांच्याच दाराकडे आला. ते मामा होते. जेवताना त्यांचे पाय चांगले धडधाकट होते. कुठे जाऊन आलात, असे भास्करने विचारले, तर म्हणाले, "असाच. बंदरावर माणसं बघत बसलो होतो."

सोमवारी मामा बाहेर गेल्यावर तिने धुवायला त्यांचा सदरा घ्यावा म्हणून बॅग उघडली. बॅगेला कुलूप नव्हते. सदऱ्याखाली एक फोटो होता. त्यात मामा दोनदा होते, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. छातीशी धरलेल्या पाटीवर आकडा होता, ४१७२. सुलेखाने तो दोनदा वाचला. मग तिने फोटो होता तिथे ठेवला, वर सदरा ठेवला आणि बॅग मिटली. सदरा धुवायचा राहूनच गेला.

भास्करला तिने फोटोचे सांगितले नाही. सांगितले असते तर बॅग का उघडलीस, हे आधी आले असते. मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी, मामा अंघोळीला गेलेले पाहून, तिने फक्त सहीचे सांगितले.

भास्कर पेला फिरवू लागला. "अगं, आईचा भाऊ आहे. मी कसं सांगू त्याला जा म्हणून?"

"मग कोण सांगणार?"

"तू सांग. तुझ्या बोलण्याचं त्याला लागणार नाही."

"म्हणजे सासूबाईंनी विचारलं की नाव माझं."

भास्करने पेला ठेवून ताटे मांडायला घेतली. जहाजांच्या लाकडी प्रतिकृती पाण्यात ओढून तो दिवसभर मापे घेत असे, घरातले काही मोजायची पाळी आली की मात्र बाजूला होई.

बुधवारी सुलेखाने मिरजेहून आणलेले चांदीचे चमचे काढले. सहा असायला हवे होते, पाच निघाले. तिने ओट्याखाली पाहिले, कपाट ओढून मागे पाहिले, कोळशाच्या बादलीतसुद्धा पाहिले. मामा टेबलाशी बसून इंग्रजी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटायचे थांबवले होते, पण मान वर केली नाही. सहावा चमचा संध्याकाळी दह्याच्या भांड्यात सापडला. तो तिनेच सकाळी तिथे ठेवला होता.

गुरुवारी सकाळी भास्कर गेल्यावर तिने मामांपुढे पोहे ठेवले आणि पदराला हात पुसत उभी राहिली.

"मामा, ह्यांचे एक मित्र आखनला असतात. श्रीरंग म्हणून, तिथे शिकतात. तुम्हाला भेटायची त्यांची फार इच्छा आहे."

"हो का? कधीपासून?"

सुलेखाने लिंबाची फोड त्यांच्यापुढे ठेवली.

मामांनी पोह्यांवर लिंबू पिळले. "उद्या जाऊ का? गाडी असेल ना सकाळची?"

"सव्वानऊची आहे."

गाडीची वेळ आपल्याला पाठ होती, हे बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आले. मामांच्याही आले असावे. ते म्हणाले, "पोहे झकास झालेत. लंडनला असे पातळ पोहे मिळत नाहीत," आणि खाली मान घालून शेवटच्या घासापर्यंत खात राहिले. सुलेखाने बोळापलीकडे जाऊन फ्राऊ ब्रॉडरसनना सांगितले, उद्या सकाळी पाहुणे जाणार. "गेले की सही," फ्राऊ ब्रॉडरसन म्हणाल्या.

जूनचे दिवस होते. संध्याकाळी सव्वाआठ वाजले तरी समोरच्या कौलांवर ऊन होते. तिघे जेवून उठत असतानाच दारावर दोन्ही हातांनी थापा पडल्या.

"फ्राऊ गानेकर! सगळे या. लवकर!"

फ्राऊ ब्रॉडरसनच्या पायात एकच चप्पल होती. दिवाणखान्याचे कुलूप उघडे होते आणि आत टेलिव्हिजन चालू होता. दर गुरुवारी त्या एक इंग्लिश पोलिस मालिका बघत, जर्मन आवाज घातलेली. पडद्यावर पोलिस ठाण्यातली एक खोली होती. उंच, गोऱ्या इन्स्पेक्टरने खिशातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. एकदा समोरून, एकदा बाजूने, छातीशी पाटी. आकडा वाचता येण्याआधीच सुलेखाला तो माहीत होता.

इन्स्पेक्टरच्या समोर मामा बसले होते. दाढी वाढलेली, कोटाची एक बाही उसवलेली. ते चोरीचा माल घेणारे दुकानदार होते. एका जाड जर्मन आवाजात ते शपथेवर सांगत होते की मी काही केलेले नाही. इन्स्पेक्टर हसला. शिपायाने मामांना उभे केले, खिसे उलटे करायला लावले. मामा एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवू लागले. रुमाल, किल्ली, पेन्सिलीचा तुकडा. प्रत्येक वस्तू आधी दोन्ही बाजूंनी दाखवायची, मग ठेवायची. मग शिपायाने दंडाला धरून त्यांना नेले, आणि पुढे ते आलेच नाहीत.

"आणि मार्चमध्ये हाच जहाजावरचा कोळसेवाला होता!" फ्राऊ ब्रॉडरसननी गुडघ्यावर थाप मारली. "तेव्हाही धरला. गेनाऊ, अगदी बरोबर! मी म्हटलं होतं की नाही, पोलिसांनी धरलेलं पाहिलंय?"

भास्कर गालिच्याकडे बघत होता. मामा दारातच उभे होते, कारण त्यांना कोणी बस म्हटले नव्हते.

"लंडनला हे चार मिनिटं होतं," ते मराठीत म्हणाले. "इथे कापलंय थोडं."

"आणि तो इन्स्पेक्टर?" भास्करने हळूच विचारले.

"तो दुसरा. भला माणूस आहे. दर नाताळला केक पाठवतो."

फ्राऊ ब्रॉडरसननी त्यांना आपल्या खुर्चीत बसवले, चेरीच्या दारूचा इवलासा पेला हातात दिला आणि भास्करकडे वळल्या. एवढे नाव असताना यांनी चहाचा व्यापारी कशाला सांगितले? भास्करने मामांना विचारले.

"लंडनला ज्या घरात खोली भाड्याने द्यायची असते त्याच्या दारावर पाटी असते," मामा म्हणाले. "कोण कोण नको, ते लिहिलेलं. नाटकवाले नकोत हे त्यात असतंच. बाकीचंही बरंच असतं. त्यातली एकच गोष्ट मला लपवता येते, ती लपवतो."

भास्करने जर्मन करताना फक्त नाटकवाल्यांचे सांगितले. फ्राऊ ब्रॉडरसन खूप हसल्या. त्यांनी स्वतःच फॉर्म मागून घेतला आणि टेलिव्हिजनच्या डोक्यावर ठेवून सही केली. "राहू दे त्यांना. महिनाभर राहू दे," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी सुलेखाने चहा ठेवला, तर मामा कोट घालून तयार होते.

"मामा, आता कशाला जाताय? सही झाली."

"श्रीरंग वाट बघत असतील ना."

"मी त्यांना अजून कळवलेलंच नाही."

"माहीत आहे मला." मामा हसले. "जाईन आखनला. गाव बघेन. पुढच्या भागात मी लंगडा खलाशी आहे, दोन दिवस रस्त्यांतून पाय ओढत फिरायला नवीन गाव बरं."

त्यांनी बॅग टेबलावर ठेवली आणि भरलेली असूनही पुन्हा रिकामी करायला घेतली. सदरे, दाढीचे सामान, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली खोटी मिशी. एकेक वस्तू त्यांनी दोन्ही बाजूंनी सुलेखाला दाखवली आणि टेबलावर ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टाही नव्हती. काल पडद्यावर त्यांचे हात असेच चालले होते. सुलेखाला चहाचे आधण उकळलेले कळले नाही.

सगळ्यांत शेवटी फोटो निघाला. मामांनी तो रिकाम्या बॅगेच्या तळाशी ठेवला, पालथा.

"हा असा असतो," ते म्हणाले. "सोमवारी संध्याकाळी उताणा होता."

सुलेखाने गॅस बंद केला. तिची पाठ त्यांच्याकडे होती.

"वहीवाल्या मुलीने असं केलं असतं तर तिची नोकरी गेली असती," मामा म्हणाले.

"मी विचारायला हवं होतं तुम्हाला."

"विचारलं असतंस तर मी खोटं सांगितलं असतं. तुझ्या सासूला, अक्काला, आठ वर्षं तेच सांगतोय." त्यांनी सदरे घडी मोडू न देता परत ठेवले. "आठ वर्षं अशा नजरेसमोर बसायचे मला पैसे मिळतात, सुलेखा. मला ती ओळखू येते. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

तिने चहा गाळून पुढे केला. कप ठेवताना थोडा चहा बशीत सांडला. मामांनी तो बशीतूनच प्यायला, मिरजेत पितात तसा, फुर्र आवाज करून. खालून भास्करने हाक मारली. तो त्यांना स्टेशनवर पोहोचवून तसाच कचेरीत जाणार होता, फॉर्म त्याच्या खिशात होता. सुलेखा वाकून नमस्कार करू लागली तेव्हा मामांनी तिला खांद्याला धरून अर्ध्यात थांबवले.

"अक्काला काय लिहिशील?" त्यांनी विचारले.

मामा उत्तरासाठी थांबले नाहीत. जिन्यावरून त्यांची पावले उतरत गेली. दोन्ही पाय सारखेच वाजत होते.

खिडकीतून ते दिसेनासे झाल्यावर तिने पत्राचा निळा कागद काढला. ती. सासूबाईंस, सा. न. वि. वि. हवापाणी लिहिले, भास्करची तब्येत लिहिली, परवानगी आता वाढेल हे लिहिले. मग पेन थांबले. मामांचा कप समोरच होता, कान डावीकडे असलेला. पुष्कळ वेळाने तिने पुढची ओळ लिहिली.

"काल संध्याकाळी आम्ही मामांना टेलिव्हिजनवर पाहिले. पोलिस ठाण्यातच होते. इन्स्पेक्टरसुद्धा त्यांच्यावरची नजर काढत नव्हता."